फुल कोर्ट की थ्री बाय थ्री? सामने भरवण्यापूर्वी

बास्केटबॉल माहीत आहे, कोर्ट हाताशी आहे, फक्त सामने कोणत्या पद्धतीने खेळवायचे एवढंच ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही प्रकार भरवलेत आणि दोन्हींत पंच म्हणून उभाही राहिलोय.

थ्री बाय थ्रीचं, म्हणजे अर्ध्या कोर्टवर एकाच रिंगवर तिघं विरुद्ध तिघं खेळायच्या प्रकाराचं, आकर्षण उघड आहे. संघात चौघं जमले की झालं. 10 मिनिटं किंवा 21 गुण, जे आधी होईल ते, त्यामुळे एका दिवसात बरेच सामने उरकतात. टोकियोपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्येही आहे. फुल कोर्टचं, म्हणजे पूर्ण कोर्टवरच्या पाच विरुद्ध पाचचं, तसं नाही. प्रत्येक शिट्टीला घड्याळ थांबतं, त्यामुळे कागदावरच्या 40 मिनिटांना दीड तास सहज लागतो. गुण आणि घड्याळ सांभाळायला टेबलावर माणसं लागतात ती वेगळीच. शॉट क्लॉकवर (चेंडू रिंगकडे फेकायला मिळणारा वेळ मोजणारं घड्याळ) बसणाऱ्याला तर 24 सेकंद कधी लावायचे आणि रिंगला लागलेला चेंडू आक्रमक संघानेच परत मिळवला की 14 कधी, हे आधी नीट घोटवून घ्यावं लागतं.

तरी थ्री बाय थ्रीवरून माझं मन उडालं ते आर्कमुळे, म्हणजे रिंगभोवतीच्या कमानीसारख्या रेषेमुळे. बचाव करणाऱ्याने रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतला की चेंडू आर्कबाहेर न्यायचा, आणि चेंडू हातात असताना एकही पाय रेषेच्या आत किंवा रेषेवर नको. नियम अगदी सोपा आहे. प्रत्यक्षात खेळाडू दोन ड्रिबलमध्ये बाहेर येतो, गर्रकन वळतो आणि थेट फेकतो. टाच रेषेवर होती की बाहेर? त्याच क्षणी पंचाचं लक्ष रिंगखालच्या धक्काबुक्कीवर असतं. बाहेरून पडलेल्या बास्केटला 2 गुण, आतून 1. म्हणजे 21च्या सामन्यात त्या एका टाचेवर बरंच काही फिरतं, आणि हे चेंडूचा ताबा बदलला की जवळपास दर वेळी घडतं. वाद मिटवता मिटवता खेळाची लय जाते. फुल कोर्टवर मधल्या रेषेचे (चेंडू परत आपल्या अर्ध्यात नेला की नाही, असे) वाद माझ्या अनुभवात क्वचितच होतात, कारण तिथे गर्दी नसते आणि पंचाला पाय स्वच्छ दिसतात.

फाउलचं गणितही मला फुल कोर्टचंच जास्त न्याय्य वाटतं. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर. थ्री बाय थ्रीत साध्या फाउलमुळे कुणी बाहेर जात नाही. मोजले जातात ते संघाचे. सातव्यापासून समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता रिंगकडे फेक), दहाव्यापासून त्यावर चेंडूचा ताबाही. त्यामुळे एकाच्या आडदांडपणाची किंमत तिघं भरतात. काहींना हीच शिस्त आवडते, त्यात चूक आहे असं म्हणणार नाही.

शिवाय फुल कोर्टला बारा जणांचा संघ उतरवता येतो, त्यामुळे नवख्यांनाही चार मिनिटं खेळवता येतात. मला स्वतःला हे फार मोलाचं वाटतं.

टेबलावर बसायला माणसंच मिळत नसतील, तर थ्री बाय थ्री जरूर घ्या. फक्त पंच दोन ठेवा आणि रिबाउंड झाला रे झाला की एकाची नजर निव्वळ पायांवर राहील, हे सामना सुरू होण्याआधीच ठरवून टाका.