छताच्या आतला ट्रे

सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेण्याच्या विचारात कोणी असेल तर माझी ही गोष्ट वाचा. आम्ही डोंबिवलीत 2024च्या फेब्रुवारीत 38 लाखांना वन बीएचके घेतला. चौथा मजला, बिल्डिंग 1993ची, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. एजंट म्हणाला, "ताई, वर कोणी नाही. खुर्च्या ओढणं नाही, मुसळ नाही, बाथरूमचं लीकेज नाही." वर कोणी नाही हे खरंच होतं. वर फक्त गच्ची होती, आणि ती पाहायला आम्ही गेलो नाही.

म्हणजे जाणार होतो. जिन्याच्या शेवटी लोखंडी दाराला कुलूप होतं. एजंट म्हणाला, किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते गावाला गेलेत. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हाही ते गावाला गेलेलेच होते. तिसऱ्या खेपेला आम्ही टोकन देऊन मोकळे झालो होतो. नंतर कळलं, सेक्रेटरी त्या महिन्यात एक दिवसही बाहेर गेले नव्हते, आणि गच्चीची एक किल्ली विकणाऱ्या काकांच्या शू रॅकवरच लटकत असायची, कारण टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचं काम त्यांच्याकडेच होतं.

घर मात्र देखणं होतं. हॉलला नवीन पीओपी, म्हणजे स्लॅबखाली प्लास्टरचं खोटं छत, कडेने एलईडीची पट्टी. "मुलीच्या साखरपुड्याला करून घेतलं," काका म्हणाले. बेडरूमला आणि किचनला साधा स्लॅब, त्यावर ताजा ऑइलबॉन्ड रंग. फक्त हॉललाच पीओपी का, हा प्रश्न मला पडला नाही. कपाट उघडलं तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला आणि देव्हाऱ्यात भर दुपारी दोन-दोन उदबत्त्या जळत होत्या. मी नवऱ्याला म्हटलं, किती स्वच्छ आणि धार्मिक माणसं आहेत! आज ते वाक्य आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि मग हसू येत नाही.

कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला होता. त्यामुळे आम्ही निश्चिंत. तो टेप घेऊन आला, कार्पेट मोजलं, चार फोटो काढले, दहा मिनिटांत गेला. त्याचं काम घराची किंमत कर्जाला पुरते का एवढंच बघायचं असतं. ओल बघणं त्याच्या फॉर्ममध्ये नसतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

जून आला. पहिला पाऊस धो धो पडला आणि घरात एक थेंब नाही. सासूबाई म्हणाल्या, घर पायगुणाचं आहे. आठव्या दिवशी बेडरूमच्या पंख्याच्या हुकातून पाणी टपकायला लागलं. मग कळलं, जुन्या गच्चीचं असंच असतं. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तो आधी स्पंजासारखं पाणी पिऊन घेतो. पोट भरलं की मग खाली सोडतो, आणि पाऊस थांबला तरी दोन-तीन दिवस सोडतच राहतो. म्हणून एका सरीवरून घर कोरडं आहे असं ठरवू नका. आणि टपकतं तिथेच वर भेग असते असंही नाही. स्लॅबमध्ये वायरिंगच्या नळ्या असतात, पाणी त्यांतून फिरत फिरत पंख्याच्या बॉक्समध्ये उतरतं. गळतीची जागा कुठे आणि थेंब कुठे!

हॉल मात्र कोरडा होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मग पीओपीवर चहाच्या डागासारखं पिवळं कडं उमटलं, ते बशीएवढं झालं, मग ताटाएवढं, आणि एका रात्री अडीच वाजता तो भाग टीपॉयवर कोसळला. माणूस खाली नव्हता हे नशीब.

टॉर्च मारून मुलाने वर पाहिलं आणि म्हणाला, "आई, वर काहीतरी टांगलंय."

पत्र्याचा ट्रे होता. चांगला दोन बाय तीनचा, चारही कोपऱ्यांना तारा, स्लॅबला खिळे मारून लटकवलेला. एका कोपऱ्याला भोक, त्याला पारदर्शक नळी, आणि नळी पीओपीच्या आतून नेऊन एसीच्या ड्रेन पाइपमध्ये सोडलेली. वर्षानुवर्षं गळणारं पाणी गुपचूप खिडकीबाहेर जात होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं एसीचं पाणी ठिबकतंय. ती नळी पांढऱ्या खळीने गच्च तुंबली होती. स्लॅबमधून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना सोबत घेऊन येतं आणि तो वाटेत साठत जातो. चुन्याने नळी बंद केली नसती तर अजून एखादं वर्ष आम्ही पायगुणाचं कौतुक करत बसलो असतो.

गळती लपवणारे असतात, रंग मारून विकणारे असतात. पण गळतीला नळ जोडून देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

यानंतर एक वेडेपणा मी स्वतः केला, तोही सांगते. घाबरून एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. गच्ची सोसायटीची, तिला हात लावता येणार नाही म्हणून त्याने घराच्या आतून, छताला भोकं पाडून केमिकल भरलं आणि वर कोटिंग मारलं. 18 हजार घेतले, लेटरहेडवर 10 वर्षांची गॅरंटी दिली. हॉलची गळती तात्पुरती थांबली आणि किचनची सुरू झाली. पाणी वरून येतंच आहे, तुम्ही खालचं एक दार बंद केलंत तर ते दुसरं शोधणार. शिवाय ते स्लॅबमध्येच अडकून राहिलं तर सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आतून फुगून काँक्रीटचे पोपडे सुटतात. गॅरंटीवाल्याचा फोन गणपतीनंतर लागला नाही.

शेवटी भावाच्या ओळखीचे एक निवृत्त साइट सुपरवायझर आले. आम्ही त्यांना काकाच म्हणतो, पण विकणाऱ्या काकांशी गल्लत नको म्हणून इथे सुपरवायझरकाका. ते घरात आलेच नाहीत. म्हणाले, आधी वर चला. सेक्रेटरींनी किल्ली दिली, हसत.

त्या गच्चीवर जे दिसलं ते बघायला इंजिनिअर लागत नाही, फक्त जावं लागतं. आमच्या हॉलच्या बरोबर वर निळी ताडपत्री, तिच्यावर विटा. शेजारी पाण्याचं तळं, त्यात शेवाळ. पाणी वाहून जायला गच्चीला शंभराला एक तरी ढाळ हवा, म्हणजे दहा फुटाला साधारण सव्वा इंच. इथे ढाळ होता, पण उलटा, मधोमध. गेल्या तीस वर्षांत दर वेळी गळलं की आधीचं न काढता वर नवीन थर टाकला होता. असे तीन थर. गच्ची इतकी वर आली होती की कठड्यातलं पाणी जायचं तोंड अर्धं गाडलं गेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यात सुकलेली पानं आणि कबुतराचं घरटं. शिवाय हा सगळा मूळ हिशोबात नसलेला बोजा त्याच स्लॅबवर.

सुपरवायझरकाकांनी हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकत ठोकत एक फेरी मारली. घट्ट जागी टणक आवाज, सुटलेल्या जागी भदभद. आमच्यावरची निम्मी गच्ची भदभद वाजली. मग ते कडेला बसले आणि म्हणाले, खरा चोर इथे आहे. गच्ची आणि कठडा जिथे जुळतात तिथे गवंडी गोलाई देऊन वाटा काढतात, म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबत नाही. तो वाटा सगळीकडे भिंतीपासून सुटला होता. त्या फटीत पिंपळ उगवला होता, चांगला हातभर. कोणीतरी तो दरवर्षी वरून छाटत असणार, कारण बुंधा अंगठ्यापेक्षा जाड होता. डिश अँटेनांचे बोल्ट कोब्यात ठोकलेले, आणि टाकीचा ओव्हरफ्लो थेट गच्चीवर. म्हणजे गच्ची उन्हाळ्यातही ओली.

येताना समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी चहाला बोलावलं. त्यांच्या हॉलमध्ये दोन बादल्या आणि एक परात, उघडपणे. "आमच्याकडे असतंच हो हे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." घर बघायला तीनदा आलो, तीनदा त्यांच्या दारावरून गेलो. एकदा बेल वाजवली असती तर!

विकणाऱ्या काकांना फोन केला. "पाऊस कुणाच्या घरात येत नाही, ताई?" ट्रेचं विचारलं तर म्हणाले, तो आधीच्या मालकाने लावला असेल. पीओपी त्यांनी स्वतः साखरपुड्याला केलं होतं ना! मग म्हणाले करारनामा वाचा. वाचला. "सदर सदनिका प्रत्यक्ष पाहून, आहे त्या स्थितीत" आम्ही घेतली होती. एजंटने एक टक्का घेतला होता, त्याने फोन उचलून एवढंच सांगितलं की रिसेलमध्ये असं चालतं.

वकील भेटले, चांगले होते, पैशांच्या मागे नव्हते. त्यांनी सांगितलं, रेरा म्हणजे घरबांधणीवरच्या नियमनाचा कायदा, त्यातली पाच वर्षांची दोषदुरुस्ती बिल्डरकडून नवीन घर घेणाऱ्याला, तुम्हाला नाही. पण 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 55 आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. मी उत्साहाने ट्रेची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ट्रे कुठे आहे? ट्रे पीओपीवाल्याने डेब्रिजच्या गोणीत भरून नेला होता. मुलाने काढलेला एक फोटो आहे, त्यात टॉर्चचा उजेडच जास्त. मग त्यांनी विचारलं, "गच्चीवर गेला होतात?" मी काही बोलले नाही. समोरचा वकील हेच विचारणार होता.

सोसायटीच्या ऑफिसात मी आता सभासद म्हणून फाइल मागितली. आमच्या फ्लॅटच्या नावाने गळतीच्या तक्रारीची सात पत्रं होती, शेवटचं नोव्हेंबर 2023चं, विकणाऱ्या काकांच्या सुबक अक्षरात. "छतातून सतत पाणी येत असून पीओपी खराब होण्याची भीती आहे." त्याच फाइलमध्ये स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायचं, असं उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत आहे. आमच्या सोसायटीने केलं होतं, फक्त वाचलं नव्हतं. गच्चीसमोर "तातडीने" लिहिलेलं. ही पत्रं आणि रिपोर्ट विक्रीच्या एनओसीच्या (ना हरकत पत्राच्या) आधी दाखवले असते का, असं सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, "विकणाऱ्याने मागितले असते तर. तुम्हीही कुठे मागितले?" टोकन देण्याआधी मालकालाच सांगा, ऑडिट रिपोर्ट आणि दोन वर्षांची इतिवृत्तं सोसायटीतून आणून दाखवा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. आणि शक्य असेल तर घर ऑगस्टमध्ये बघा, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर.

पावसाचं पाणी वरून गळलं तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा असतो, हे उपविधीत स्पष्ट आहे, म्हणून ते 18 हजारही मी उगाच घालवले. सर्वसाधारण सभेत तिन्ही थर काढून नव्याने ढाळ देऊन काम करायचं आणि दोन दिवस पाणी साठवून तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही, असं ठरलं. खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी वर्गणीला हरकत घेतली आहे. गळतं त्यांनी भरावं, असं त्यांचं म्हणणं. काम पुढच्या उन्हाळ्यावर गेलं.

तोपर्यंत हॉलमध्ये पुन्हा एक ट्रे टांगलाय. या वेळी पीओपी नाही, सगळं उघडं. नळी जाड घेतली आहे, म्हणजे चुन्याने तुंबणार नाही.