फाटकासमोरची परकी गाडी : मालकाचा शोध की पोलिसांना फोन?

पुण्यातल्या जुन्या पेठांत किंवा मुंबईच्या उपनगरांत फाटकासमोर अनोळखी गाडी आडवी लागली, की बहुतेक जण आधी मालकाला शोधतात. काचेच्या आत मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी दिसली, किंवा शेजारच्या दुकानदाराने, वॉचमनने गाडी ओळखली, तर पाच मिनिटांत वाट मोकळी होते आणि कटुताही टळते. मात्र चिठ्ठी नसेल तर हा मार्ग तिथेच खुंटतो, कारण वाहनांची माहिती देणाऱ्या सरकारी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबरप्लेटवरून मालकाचा फोन मिळत नाही.

वाहतूक पोलिसांना कळवण्याचा मार्ग संथ असला, तरी त्याला कायद्याचा आधार आहे : मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 122 नुसार सार्वजनिक जागी अडथळा होईल अशी गाडी सोडता येत नाही, आणि पार्किंगला मनाई असलेल्या जागेवरची गाडी कलम 127 खाली गणवेशातील पोलिस अधिकारी उचलायला लावू शकतो. नंबरप्लेट आणि फाटक एकाच चौकटीत येईल असा फोटो आधी काढावा. चाकाची हवा सोडणे हा तिसरा, लोकप्रिय उपाय शुद्ध वेडेपणा आहे. गाडी तिथेच अडकते. घाई नसेल तर मी आधी मालकाला शोधेन. रुग्णाला न्यायचे असेल तर थेट 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन.