पेन ड्राइव्ह लेक्चर घेण्याआधी हे वाचा, आमचे २२,४३० रुपये गेले

सीए इंटरची, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेची, रेकॉर्ड केलेली लेक्चर क्लासवाले पेन ड्राइव्हवर विकतात, ते पालकांना नव्याने सांगायला नको. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काउंटरवर मी मुलीसाठी १८,८८० रुपये भरले, म्हणजे १६,००० आणि वर जीएसटी. "एकदा घेतलं की तुमचंच, कधीही बघा," असं तिथल्या माणसाने आम्हा दोघांसमोर सांगितलं. असं काही सांगितलं की तिथेच लिहून मागा.

घरी आधी त्यांचा प्लेयर, म्हणजे लेक्चर बघायचं सॉफ्टवेअर, टाकावा लागला. क्लासमधला मुलगा फोनवरून म्हणाला, "काका, अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर फाइल उडेल." मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली, तीही द्यायला लावली. अँटिव्हायरस बंद करा म्हटलं तिथेच फोन ठेवायला हवा होता. आजही आठवलं की जीव जळतो. पण पैसे भरून झालेले, मुलगी वही उघडून शेजारी बसलेली, परीक्षा तोंडावर. अशा वेळी इंग्रजीतल्या लांबलचक अटी कोण वाचत बसतं? सगळी मेख त्यातच होती: एकच कॉम्प्युटर, प्रत्येक लेक्चर दोनदाच, मुदत नऊ महिने. काउंटरवर यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

बघतानाही सुख नाही. मुलीचा मोबाइल नंबर स्क्रीनवर सतत फिरतो आणि नेमका ताळेबंदाच्या आकड्यांवर येतो. पुढे हार्ड डिस्क गेली. नव्या डिस्कवर विंडोज टाकायला ६०० रुपये दिले, तर प्लेयर म्हणतो हे मशीन नोंदलेलं नाही. पुन्हा चालू करायचे २,९५० घेतले आणि थोड्याच दिवसांत मुदत संपली. प्लेयर काढून टाकला तरी त्याची सर्व्हिस कॉम्प्युटर लावला की मागे सुरूच होते. टास्क मॅनेजर उघडून बघा, तुमच्याकडेही असेल.

२००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींनी लोकांच्या कॉम्प्युटरवर असंच सॉफ्टवेअर लपवून टाकलं होतं. अमेरिकेत खटले झाले, सीडी परत घ्याव्या लागल्या. इथे पोलीस ठाण्यात विचारतात, "ओटीपी दिलात का? नाही ना, मग हे दिवाणी प्रकरण." तिथून सायबर पोलिसांकडे धाडलं, सायबरने पुन्हा ठाण्यात. ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीने 'ग्राहकाने अटी मान्य केल्या आहेत' एवढी एक ओळ लिहिली आणि तक्रार बंद! मला एका शब्दाने विचारलं नाही. भाचा प्लेयरचं कुलूप तोडून लेक्चर उतरवून देतो म्हणाला, तर क्लासवाले गुन्हा दाखल करण्याची धमकी देतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आलं, असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यांच्या कुलपाला कायद्याचं संरक्षण, आणि आमच्या पैशांना कुणाचं?

पैसे रोख देऊ नका. डेमो स्वतःच्याच कॉम्प्युटरवर मागा. मशीन बदललं तर काय, हे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे मला पोलीस ठाण्यात कुणीही सांगितलं नाही. मी आता तोच दावा लावतोय.