आचार्यांनी तळलेल्या जिलब्या : किंडलवर स्वयंप्रकाशन

ॲमेझॉनने २०१६ च्या अखेरीस किंडल या आपल्या ई-पुस्तक वाचनाच्या व्यवस्थेवर हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके आणली. ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’, म्हणजे केडीपी, ही त्यामागची स्वयंप्रकाशनाची सेवा आहे. माझा कथासंग्रह मी तिच्यामार्फत स्वतःच प्रकाशित केला. त्या अनुभवावरून एवढे नक्की सांगता येईल की लेखक आणि वाचक यांच्यामधली सगळी माणसे ही सेवा बाजूला करते आणि त्यांत मुद्रितशोधकही असतो, हे लेखकाच्या फार उशिरा लक्षात येते.

प्रकाशनाची क्रिया सोपी आहे. खाते उघडून बँकेचा व कराचा तपशील भरायचा, वर्डची किंवा ई-पबची फाइल चढवायची, मुखपृष्ठ जोडायचे आणि किंमत ठरवायची. पुस्तक साधारणपणे ७२ तासांच्या आत विक्रीला येते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागत नाही आणि पदरचा एक रुपयाही खर्च होत नाही.

मानधनाचे गणित मात्र नीट वाचून घ्यावे. दर ३५ टक्के आणि ७० टक्के असे दोन आहेत, पण भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये घालावे लागते आणि ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत त्याची डिजिटल प्रत दुसरीकडे कोठेही, अगदी लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा, ठेवता येत नाही. त्याबरोबर पुस्तक ‘किंडल अनलिमिटेड’ या वर्गणीच्या योजनेत जाते. तिथे पैसे प्रतीमागे मिळत नाहीत, वाचल्या गेलेल्या पानांमागे मिळतात. वाचकाने पुस्तक कितव्या पानावर सोडले याचा अंदाज त्या आकड्यांवरून येतो, आणि तो कोणत्याही अभिप्रायापेक्षा जास्त झोंबतो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. माझे हस्तलिखित जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, आणताना एका मोफत रूपांतरकाने प्रत्येक ‘ऱ्य’चा ‘र्य’ करून टाकला. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले, ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले. एवढे वाचक चालवून घेतो. पण एका कथेत लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्यांनी जिलब्या तळायला घेतल्या होत्या, त्या आता आचार्यांनी तळायला घेतल्या; आणि दऱ्या ओलांडून आलेला नवरदेव दर्या ओलांडून आला. ही चूक सर्वस्वी माझी होती. प्रकाशित करण्यापूर्वी पुस्तक किंडलवर कसे दिसेल ते दाखवणारी सोय केडीपीत आहे. मी तिच्यात मुखपृष्ठ आणि पहिली चार पाने पाहून समाधान मानले होते.

दोन तारे देणाऱ्या एका वाचकाने लिहिले की आचार्य जिलब्या तळत असतील तर वेदपठण कोण करत होते, हे लेखकाने सांगायला हवे होते. मी त्या रात्री एक लांबलचक खुलासा लिहून काढला. तो कोठेही टाकता आला नाही, कारण अभिप्रायाखाली उत्तर देण्याची सोय ॲमेझॉनने २०२० च्या डिसेंबरात बंद केली आहे. आज मागे वळून पाहताना मला हा निर्णय लेखकांच्या हिताचाच वाटतो. नियम मोडणाऱ्या मजकुराची तक्रार करता येते. बोचणारा पण खरा अभिप्राय त्यात बसत नाही, आणि बसूही नये. आपल्या पुस्तकावर स्वतः, कुटुंबीयांनी किंवा जवळच्या मित्रांनी अभिप्राय लिहिणे नियमात बसत नाही. मराठी पुस्तकाचे पहिले गिऱ्हाईक बहुधा मावसभाऊच असतो, त्यामुळे हा नियम आपल्याकडे विशेष जड जातो, पण तो योग्य आहे.

गोंधळ घालतात ते शब्दांविना दिलेले तारे. आता एका टिचकीत नुसते तारे देता येतात. एक तारा भाषेसाठी मिळाला, किमतीसाठी मिळाला की फाइल नीट उघडली नाही म्हणून, हे कळण्याचा मार्ग नाही. त्यामानाने जिलब्यांवरचा तो अभिप्राय सोन्यासारखा होता. प्रकाशन संस्थेतल्या मुद्रितशोधकाने पेन्सिलीने समासात जे लिहिले असते, तेच त्या वाचकाने चारचौघांत लिहिले, आणि तेही स्वतः पैसे मोजून.

केडीपीची खरी ताकद इथे दिसते. छापील आवृत्तीतली चूक गठ्ठे संपेपर्यंत तशीच राहते. इथे मी तीन रात्री बसून एकेक ‘ऱ्य’ तपासला आणि सुधारित फाइल चढवली, ती लगेच विक्रीला आली. मात्र आधी पुस्तक घेतलेल्यांच्या यंत्रावर ती आपोआप पोहोचेलच असे नाही, आणि जुना अभिप्रायही जागच्या जागी राहतो. ज्यांना अभिप्रायाला उत्तर द्यायचे आहे, त्यांनी हेच उत्तर समजावे. ज्यांचा स्वभाव वाद घालण्याचा आहे, त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

पुस्तकाचा साधारण पहिला दहावा भाग वाचकाला नमुना म्हणून फुकट वाचता येतो. लग्नाची कथा संग्रहात सातवी होती, म्हणजे नमुन्याच्या बरीच बाहेर. ती मी आता पहिली केली आहे.