फाशी की जन्मठेप: निकालच चुकला तर?

गुन्हेगाराला समाजापासून दूर ठेवणं दोन्ही शिक्षांनी साधतं. फाशीची जरब जन्मठेपेपेक्षा जास्त बसते, हे ठोसपणे सिद्ध झालेलं नाही. खरा फरक कळतो तो निकाल चुकल्यावर.

लंडनमध्ये 1950 साली टिमोथी एव्हान्सला तान्ह्या मुलीच्या खुनासाठी फासावर चढवलं. त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार होता. 1953 मध्ये त्याच घरात आणखी बायकांचे मृतदेह सापडले आणि एव्हान्सच्या पत्नीलाही आपणच मारल्याचं क्रिस्टीने कबूल केलं. एव्हान्सला माफी मिळाली 1966 मध्ये. त्या कागदाचा त्याला काय उपयोग?

बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांत 21 माणसं गेली. लोकांचा संताप अगदी रास्त होता. 1975 मध्ये सहा जणांना जन्मठेप झाली. तोवर ब्रिटनने खुनासाठीची फाशी रद्द केली होती. 1991 मध्ये अपील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवणारा निकालच रद्द केला आणि सहाही जण चालत बाहेर आले. 16 वर्षं मात्र गेलीच.

म्हणून नुसती फाशी रद्द करून भागत नाही. जुने निकाल तपासणारी स्वतंत्र यंत्रणाही हवी. ब्रिटनमध्ये असा आयोग 1997 पासून काम करतो आहे.