दस्तऐवजात चित्र टाकताना: पीएनजी, जेपीजी, एसव्हीजी की ईएमएफ?

विंडोजवर तयार केलेली वर्ड फाइल मॅकवर उघडली की फोटो जसेच्या तसे दिसतात, पण आलेखातल्या रेषा जाड झालेल्या असतात. तोच आलेख लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये उघडला तर अक्षरं एकमेकांवर चढलेली. अशा वेळी चित्र कोणत्या फॉरमॅटमध्ये आत गेलंय ते आधी बघावं.

स्क्रीनशॉट, तक्त्याचं चित्र किंवा अक्षरं असलेलं काहीही असेल तर पीएनजी. त्यात एकही पिक्सेल बदलत नाही, पारदर्शक भागही टिकतो. जेपीजी चित्राचे ८×८ पिक्सेलचे तुकडे पाडून बारीक तपशील गाळतं, त्यामुळे अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके उमटतात. शिवाय सपाट रंगांच्या स्क्रीनशॉटची पीएनजी फाइल अनेकदा जेपीजीपेक्षा लहानच भरते.

फोटोचं उलट आहे. तिथे पीएनजी विनाकारण कित्येक पट फुगतं. १०० पैकी ८५-९० दर्जाचं (क्वालिटी) जेपीजी पुरेसं. मात्र जेपीजी पुन्हापुन्हा उघडून सेव्ह केलं की दरवेळी थोडं खराब होतं, म्हणून दुरुस्त्या मूळ फाइलवर करून जेपीजी शेवटी एकदाच काढावं. फोटो आडवा पडत असेल तर कॅमेऱ्याने दिशा फक्त एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत) नोंदवलेली असते आणि समोरचा प्रोग्राम ती नोंद वाचत नसतो. फोटो प्रत्यक्ष फिरवून सेव्ह करावा.

खरी डोकेदुखी आलेख आणि आकृत्यांची. ईएमएफ म्हणजे विंडोजच्या चित्र काढण्याच्या आज्ञांची नोंद. विंडोजवर ते कितीही मोठं करा, सुबक राहतं. इतरत्र त्या आज्ञांचा अर्थ दुसराच प्रोग्राम लावतो, आणि फॉन्ट व रेषांची जाडी तिथेच घसरते. सगळ्यांकडे विंडोजच असेल तरच ते वापरावं. एसव्हीजी जास्त भरवशाचं; त्यात पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांचं वर्णन असतं, म्हणून तेही मोठं केलं तरी सुबक राहतं. ऑफिस २०१९ आणि त्यापुढे ते थेट घालता येतं, आणि वर्ड सोबत एक पीएनजी प्रतही ठेवतं, जी जुन्या आवृत्तीत दिसते. अडचण फॉन्टची: एसव्हीजीत साधारणपणे फॉन्टचं फक्त नाव असतं. समोर तो फॉन्ट नसला की दुसरा लागतो आणि मजकूर चौकटीबाहेर जातो. देवनागरी लेबलांत तर हे हमखास होतं. इंकस्केप या एसव्हीजी संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये मजकूर निवडून शिफ्ट-कंट्रोल-सी दाबलं की अक्षरांच्या आकृत्या होतात. नंतर मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे मूळ प्रत वेगळी ठेवावी.

समोर कोणती आवृत्ती आहे हे माहीतच नसेल, तर सरळ ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) पीएनजी. १६ सेंमी रुंद चित्राला सुमारे १८९० पिक्सेल लागतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. ईपीएस ऑफिसमध्ये घालणं मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून बंद केलंय. आयफोनच्या एचईआयसी फोटोंसाठी विंडोजवर वेगळं एक्स्टेन्शन लागू शकतं, म्हणून ते आधीच जेपीजी करावेत. वेबपी जुन्या ऑफिसला कळत नाही. टिफ छपाईवाल्याने मागितलं तरच.

फॉरमॅट बरोबर निवडूनही दोन ठिकाणी घोळ होतो. कॉपी-पेस्ट केलं की क्लिपबोर्ड स्वतःच्या सोयीचा फॉरमॅट आत सरकवतो. म्हणून इन्सर्ट मेन्यूतून फाइलच निवडावी. आणि वर्ड सेव्ह करताना चित्रं आपणहून लहान करतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन फाइलमधली चित्रं कॉम्प्रेस न करण्याच्या पर्यायावर खूण करावी.

पाठवण्याआधी डॉकएक्स फाइलची एक प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि आतला वर्ड / मीडिया फोल्डर उघडा. तिथे ईएमएफ, डब्ल्यूएमएफ (ईएमएफचा जुना भाऊ) किंवा टिफ दिसलं, तर दस्तऐवजातलं ते चित्र काढून पीएनजी बसवा.