दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस: आठ महिने वापरल्यानंतर

मी घरून ऑनलाइन गाणं शिकवतो. आधी माइक सरळ लॅपटॉपच्या जॅकला लावायचो. आवाज पुरेसा यावा म्हणून मायक्रोफोन बूस्ट +30 डीबीवर ठेवला, की सतत सूंऽ असा आवाज. माझं मंद्र सप्तक त्यात बुडून जायचं. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज वाढवून यूएसबीने लॅपटॉपला देणारा छोटा डबा. तो आला, एक्सएलआर केबलने (माइकची तीन पिनांची केबल) माइक जोडला आणि ती सूं पहिल्याच दिवशी गेली. तेवढ्यावरच माझे पैसे वसूल झाले.

खरी डोकेदुखी पुढे होती. दुसऱ्या इनपुटला इलेक्ट्रॉनिक तानपुरा जोडला आणि घूंऽ सुरू झालं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण 50 आणि 100 हर्ट्झवर येते. माझा षड्ज हार्मोनियमची काळी एक. 100 हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या जरासा वर, म्हणजे माझ्या तीव्र मध्यमाहून चढा आणि पंचमाला न पोचलेला सूर! पंचम लावताना तो कानाला टोचत राहायचा. पीसच खराब आलाय असं समजून परत करायला निघालो होतो. सहज लॅपटॉपच्या चार्जरची पिन उपसली, तर हेडफोनमध्ये एकदम शांत.

दोष इंटरफेसचा नव्हताच. तानपुरा आणि लॅपटॉप दोन्ही विजेवर, आणि दोघांना जोडणारी साधी केबल. तिच्या शिल्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) फिरणारा करंट म्हणजे ग्राउंड लूप. आत ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्य आणि इंटरफेस यांच्यामध्ये लावायचा छोटा डबा) मध्ये घातला, शिल्डची जोडणी तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं आणि गुणगुण कायमची थांबली. चार्जरची अर्थिंगची पिन तोडा, असा सल्ला मला मिळाला होता. कृपा करून तसं कुणी करू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

मग राहिली तडतड. हिचा विजेशी संबंध नाही, चार्जर काढला तरी ती चालूच. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ नये म्हणून मी बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 64 सॅम्पलवर (आवाजाच्या मोजमापांवर) ठेवला होता. सेकंदाला 48,000 सॅम्पलच्या रेटला ते जेमतेम 1.3 मिलिसेकंद, तेवढ्यात लॅपटॉपचं काम उरकलं नाही, की आवाज तुटतो. लेटन्सीमॉन हे अडथळा शोधणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, तर वाय-फायचा ड्रायव्हर मध्येच वेळ खात होता. आता लॅनची केबल लावतो, क्लासच्या वेळी वाय-फाय बंद आणि बफर 256 वर. त्याचे 5.3 मिलिसेकंद होतात. तानेतसुद्धा ते मला जाणवत नाहीत. विंडोजमध्ये आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल रेट एकच ठेवला, तेव्हा अधूनमधून येणारी टकटकही गेली.

तक्रार एकच. गेनची (माइकचा आवाज वाढवायची) खुंटी शेवटच्या टप्प्यात नेली की हिस, म्हणजे मागचा सस्स् आवाज, वाढतो, त्यामुळे हळू आवाजाच्या विद्यार्थिनीला माइकच्या अगदी जवळ बसवावं लागतं. जास्त संवेदनशील असा कंडेन्सर माइक घेतला तर हे सुटेल. दिवाळीनंतर बघणार आहे.